तळ्याकाठी आरव्ही लावायची, पण नेमकी कुठे? वाचकांचे प्रश्न

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं एकाच विषयावर यायला लागतात. आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतोय, पाण्याकाठी राहायचंय, शहरापासून फार लांब नको, सांगा कुठे जाऊ. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्या पत्रांत इतरांच्याही कामाचं काहीतरी आहे अशी निवडून घेतलीत.

प्रश्न: आम्ही जॉर्जियात, आल्फारेटाला राहतो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, जूनमध्ये पहिल्यांदाच २७ फुटी क्लास सी (मधल्या आकाराची) आरव्ही घेऊन लेक लेनियरला जाणार आहोत. एक प्रायव्हेट आरव्ही पार्क बघितलंय, पोहायचा पूल, वायफाय, फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी) सगळं आहे. दुसरं आर्मी कोअरचं, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या इंजिनियर विभागाचं, कॅम्पग्राउंड, तिथे यातलं काही नाही पण फोटो भारी आहेत आणि पैसेही कमी. नवरा म्हणतो प्रायव्हेट, मी म्हणते कोअर. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही. पण फोटोंमुळे नाही हं.

लेनियर हे मुळात धरणाचं पाणी आहे. चॅटाहूची नदीवर १९५० च्या दशकात बुफर्ड डॅम बांधला, तो आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सने, त्यामुळे काठाची जमीनही त्यांच्याच ताब्यात आहे, आणि म्हणूनच जमिनीची जी टोकं पाण्यात आत घुसलीत तिथे त्यांची कॅम्पग्राउंडं आहेत, बाल्ड रिज क्रीक, सॉनी, डकेट मिल, ओल्ड फेडरल वगैरे. प्रायव्हेट पार्कवाला ‘लेकसाइड’ लिहितो तेव्हा बऱ्याचदा मधे एखादा रस्ता असतो, झाडांचा पट्टा असतो, बोटींचं पार्किंग असतं. तो खोटं बोलत नसतो, पण सकाळी दार उघडलं की समोर पाणी दिसेल असंही तो कुठे म्हणालेला नसतो. शिवाय प्रायव्हेटला आरव्ही एकमेकींना खेटून लावतात, शेजारच्यांचा टीव्ही तुम्हाला ऐकू येतो आणि तुमची भांडणं त्यांना. मुलं दिवसभर पूलमध्येच राहणार असतील किंवा आठवडा-दोन आठवडे मुक्काम असेल तर प्रायव्हेट घ्या, नवऱ्याचं म्हणणं तिथे बरोबर ठरेल. दोन रात्रींसाठी कोअर.

आता खरं काम सुरू होतं, कारण कॅम्पग्राउंड ठरवणं सोपं आहे, त्यातली साईट, म्हणजे गाडी लावायची नेमकी जागा, ठरवणं अवघड, आणि ट्रिप चांगली झाली की वाईट हे ऐंशी टक्के साईटवर ठरतं असं माझं मत आहे. एकाच कॅम्पग्राउंडमध्ये एक साईट स्वर्ग असते आणि दहा पावलांवरची दुसरी म्हणजे टॉयलेटच्या लाईटखाली रात्रभर जागरण. कोअरचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह वर होतं, तिथे प्रत्येक साईटवर क्लिक केलं की खाली एक तक्ता येतो, तो कुणी वाचत नाही आणि सगळं त्यातच असतं. गाडीची जास्तीत जास्त लांबी किती, हा आकडा तुमच्या २७ फुटांपेक्षा चांगला मोठा हवा, कारण बरोबर साधी कार पण येणार असेल तर तिलाही जागा लागते. ड्राईव्हवेचा चढ किती, हे तर लेनियरला फारच महत्त्वाचं, सगळा भाग टेकड्यांचा आहे, काठाच्या साईट उतारावर असतात, चढाच्या रकान्यात ‘सिव्हियर’, म्हणजे तीव्र, लिहिलं असेल तर पहिल्या ट्रिपला ती साईट फुकट मिळाली तरी घेऊ नका. आरव्ही तिरकी उभी राहिली की सासूबाई रात्रभर पलंगाच्या एका कडेला घरंगळणार, आणि गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर तोही धड थंड करत नाही, त्याला सपाटीच लागते. चाकाखाली घालायचे लेव्हलिंग ब्लॉक भाड्याबरोबर मिळतात का ते आत्ताच विचारून घ्या.

बॅक-इन की पुल-थ्रू तेही तिथेच लिहिलेलं असतं. पुल-थ्रू म्हणजे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, रिव्हर्स घ्यायची भानगड नाही. पण पाण्याकाठच्या साईट जवळपास सगळ्या बॅक-इनच असतात. म्हणजे एकाने मागे उभं राहून हात करायचे आणि ड्रायव्हरला तो माणूस आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची, हे घरीच ठरवून या. आणि काय वाट्टेल ते झालं तरी उजेडात पोचा.

एक गोष्ट नकाशावर बघितल्याशिवाय कळत नाही ती म्हणजे दार कुठल्या बाजूला येणार. आरव्हीचं दार आणि छत्रीसारखं उघडणारं ऑनिंग उजव्या बाजूला असतं, वीज-पाण्याची जोडणी डाव्या. रिव्हर्स घेऊन आत शिरल्यावर उजव्या हाताला पाणी आहे की शेजाऱ्याची कचरापेटी, हे सॅटेलाईट नकाशावर दोन मिनिटांत समजतं. तिथेच पश्चिम कुठे तेही बघून ठेवा, जॉर्जियात जूनमध्ये दुपारी तीन ते सातचं ऊन ज्या बाजूने येतं त्या बाजूला झाडं नसतील तर एसी हतबल होतो.

विजेचं पण सांगतो. तुमच्या आकाराच्या भाड्याच्या गाड्या बहुतेक ३० अँपच्या असतात. ३० गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॉट, बस्स, त्यात सगळं भागवायचं. एसी साधारण १३ अँप खातो, मायक्रोवेव्ह १२, इलेक्ट्रिक केटल १२, तिन्ही एकदम लावले की ब्रेकर उडणार, आणि तो बरोबर चहाच्या वेळेलाच उडतो. चहा गॅसवर करा, इंडक्शन घरी ठेवा. ५० अँपच्या साईटसाठी जास्त पैसे मोजायची तुम्हाला गरज नाही, तो दोन एसीवाल्या मोठ्या गाड्यांचा मामला आहे.

पाण्याची पातळी हा लेनियरचा जुना किस्सा. उन्हाळ्यातली भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून १०७१ फूट धरतात, २००७ च्या दुष्काळात पाणी त्याच्या २० फूट खाली गेलं होतं. एवढं दरवर्षी होत नाही, पण पाच-सहा फूट जरी उतरलं तरी तुमच्या ‘वॉटरफ्रंट’ साईटच्या पुढ्यात लाल चिखलाचा पट्टा येतो आणि फोटोतलं पाणी लांब जाऊन बसतं. पातळी रोजच्या रोज ऑनलाइन दिसते, कोरडं वर्ष चाललं असेल तर निघायच्या आधी बघा. जून म्हणजे बहुतेक ठीक असायला हरकत नाही.

बुकिंग साधारण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जूनचे शनिवार-रविवार आत्ता गेलेले असणार. निराश होऊ नका, लोक रद्द करतात, मधल्या वारी तर सहज मिळतं. शाळांना सुट्टी आहे, मग शनिवारचाच हट्ट कशाला, मंगळवार-बुधवार जा, त्याच तळ्यावर जेट स्कीचा कलकलाट निम्म्याहून कमी असतो.

प्रश्न: सिनियर पासवर कॅम्पिंग निम्म्या पैशात होतं असं ऐकलं. माझे आई-बाबा (दोघं सत्तरीचे) पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांच्या नावावर पास काढून बुकिंग केलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. सिनियर पास म्हणजे केंद्र सरकारच्या पार्कांचा ज्येष्ठांसाठीचा पास, तो वय वर्षं ६२ पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नाही, वय कितीही असो. तुमच्या ओळखीत ज्यांचे आई-वडील ग्रीन कार्डवर आहेत त्यांना मात्र जरूर सांगा, ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा पास आहे, २० डॉलरमध्ये वर्षाचा, आणि आर्मी कोअरच्या कॅम्पग्राउंडला साईटचं भाडं साधारण निम्मं होतं. पासवाली व्यक्ती स्वतः मुक्कामाला असायला लागते, पास एकाचा आणि राहायला भलतेच असं करायचं नाही, गेटवर ओळखपत्र मागतात. स्टेट पार्क, काउंटी पार्क, प्रायव्हेट पार्क यांचा या पासशी काही संबंध नाही, तिथे त्यांचे त्यांचे नियम.

आई-बाबा येणारच असतील तर पैशांपेक्षा टॉयलेटचं अंतर बघा. आरव्हीतलं टॉयलेट छोटं असतं, गुडघेदुखीवाल्यांना तिथे उठबस करणं जड जातं, रात्री कॅम्पग्राउंडच्या टॉयलेटला जायची वेळ येते. फार जवळ नको, फार लांबही नको, मधे दोन साईट आणि पायाखाली डांबरी रस्ता, असं बघून निवडा.

प्रश्न: प्लेनोहून लिहितोय. डॅलसच्या जवळ इतकी तळी आहेत की डोकं चालत नाही. सीडर हिल स्टेट पार्क, लॉयड पार्क, ग्रेपवाईनचं विनयार्ड्स, अशी तीन नावं काढलीत. शुक्रवारी दुपारी तिथूनच मीटिंग घ्यायच्यात, म्हणून नेटवर्क हवं. आणि शांतता हवी. जुलैमध्ये जावं म्हणतो.

उत्तर: शुक्रवारच्या मीटिंग, शांतता आणि जुलै, या तिन्हीपैकी जुलै पहिला सोडा. टेक्सासात जुलै-ऑगस्टमध्ये आरव्ही हा तापलेला डबा असतो, एका एसीने दुपारी आतलं तापमान जेमतेम सहन होण्याइतकं येतं, आणि मुलं बाहेर निघायला तयार होत नाहीत, मग तळ्याकाठी गेलात कशाला. ऑक्टोबर घ्या किंवा मार्च-एप्रिल.

तिन्ही जागा शहराला चिकटूनच आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नेहमी अशीच जवळची जागा सांगतो, काही बिघडलं, कुणी आजारी पडलं, मूल रडायला लागलं, तर तासाभरात घरी. लांबच्या नॅशनल पार्कचा हट्ट दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला करा. सीडर हिल आणि लॉयड पार्क हे ‘जो पूल लेक’ नावाच्या एकाच तळ्याच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, पहिलं राज्य सरकारचं, दुसरं ग्रँड प्रेरी शहराचं. विनयार्ड्स ग्रेपवाईन शहराचं, सोयी छान, पण डीएफडब्ल्यू विमानतळ अगदी शेजारी, विमानं डोक्यावरून जातात. मुलांना मजा वाटते, तुम्हाला मीटिंगमध्ये दर थोड्या वेळाने म्यूट करायला लागेल.

शांततेचं म्हणाल तर शहराजवळच्या कुठल्याही जागी तीन आवाज तपासायचे, विमान, हायवे आणि रेल्वे. त्यातला रेल्वेचा सगळ्यात वाईट, कारण तो रात्रीही थांबत नाही. इथे जिथे रस्ता रूळ ओलांडतो तिथे इंजिनाने १५ ते २० सेकंद आधीपासून हॉर्न वाजवायचा असा फेडरल नियम आहे, आवाज किमान ९६ डेसिबल, म्हणजे नुसते रूळ जवळ असले तर एक वेळ चालेल पण क्रॉसिंग जवळ असेल तर झोपेचं खोबरं. काही गावांनी ‘क्वाएट झोन’ करून घेतलेत, तिथे एरवी हॉर्न वाजवत नाहीत. नकाशावर कॅम्पग्राउंडच्या आजूबाजूला रूळ शोधा, मग त्या रुळावर रस्ता कुठे येतो ते शोधा. रिव्ह्यू वाचताना ‘ट्रेन’ हा शब्द टाकून सर्च करा, पाच तारेवाल्या रिव्ह्यूतसुद्धा शेवटच्या ओळीत लोक हळूच लिहितात.

मीटिंगसाठी पार्कच्या वायफायवर अवलंबून राहू नका, कितीही छान लिहिलेलं असो, शुक्रवारी संध्याकाळी सगळं कॅम्पग्राउंड त्याच वायफायवर सिनेमे बघतं. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट, आणि शक्य असेल तर एक दिवस नुसतं फिरायला जाऊन तिथे उभं राहून बघा किती दांड्या दिसतात. शहराजवळ असल्याचा हाच तर फायदा, साईट आधी डोळ्यांनी बघता येते, डे-पास काढायचा, आपल्या साईटचा नंबर शोधायचा, चालत एक चक्कर मारायची.

एप्रिल ठरवलात तर एक अजून. तो वादळांचा मोसम, टॉर्नेडोच्या सूचना काउंटीच्या नावाने येतात आणि आपल्याला फक्त तळ्याचं नाव माहीत असतं. पोचल्या पोचल्या आपण कुठल्या काउंटीत आहोत ते कॅम्प होस्टला (कॅम्पग्राउंड सांभाळणाऱ्याला) विचारून कागदावर लिहून फ्रिजला लावा, जो पूल लेकचा काठ बदलला की काउंटीही बदलू शकते. आणि वादळात जायचं कुठे तेही त्याच वेळी विचारा. आरव्हीत थांबायचं नाही, ती उलटते, बहुतेक ठिकाणी टॉयलेटची पक्की काँक्रीटची इमारत हाच निवारा असतो.

प्रश्न: नॅशव्हिलजवळ पर्सी प्रीस्ट लेकला ऑगस्टमध्ये चाललोय. मुलं ७ आणि १० वर्षांची, दोघंही स्विमिंग क्लासला जातात त्यामुळे पाण्याची भीती नाही. पाणी हिरवं दिसतं असं एकाने सांगितलं, पोहायला ठीक असतं का? कुत्राही बरोबर आहे.

उत्तर: ‘भीती नाही’ हेच मला जरा खटकलं. क्लासच्या पूलमध्ये तळ दिसतो, सपाट असतो, कडेला धरायला काहीतरी असतं. हेही कोअरच्या धरणाचं पाणी आहे, तीन फुटांवर उभं असलेलं मूल एक पाऊल पुढे टाकतं आणि खाली जुनी दरी असते, पाणी गढूळ असल्यामुळे बुडालेलं मूल दिसतही नाही. कोअरच्या किनाऱ्यांवर लाईफगार्ड नसतो. मुलांना पाण्यात असेपर्यंत लाईफ जॅकेट, क्लास झालेला असो नसो, आणि एका मोठ्या माणसाची ड्युटी लावायची, फोन खिशात. बरेच ठिकाणी किनाऱ्यावर फळी उभारून जॅकेटं फुकट वापरायला ठेवलेली असतात, पण मापाचं मिळेलच असं नाही, स्वतःचं न्या. बोटीत बसणार असाल तर चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना जॅकेट कायद्यानेच घालायला लागतं.

हिरव्या पाण्याचं असं की सगळं हिरवं वाईट नसतं. काठावर लांब लांब धागे असलेलं शेवाळ असेल, काडीने उचललं की केसांसारखं लोंबतं, ते दिसायला घाण पण सहसा निरुपद्रवी. पण पाण्यावर हिरवा किंवा निळसर रंग सांडल्यासारखा थर असेल आणि काडीला तो रंगासारखाच चिकटून येत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया असू शकतात, उन्हाळ्याच्या शेवटी, वारा पडलेला असताना, उथळ खाडीत जास्त दिसतात. त्यातल्या काहींचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं. कुत्रा पाणी पितो, बाहेर आल्यावर अंग चाटतो, त्यामुळे माणसापेक्षा त्यालाच जास्त धोका. पाणी उकळून हे विष जात नाही. शंका आली की तिघांनाही पाण्याबाहेर ठेवा, आणि कुत्रा आधीच जाऊन आला असेल तर वाळायची वाट न बघता स्वच्छ पाण्याने धुवा. किनाऱ्यावर सूचना लावली आहे का बघा, पण सूचना नाही म्हणजे सगळं ठीक असंही धरू नका.

प्रश्न: संडासाच्या टाकीचं काम कोण करणार यावरून आमच्याकडे अजून बुकिंग अडलंय. खरंच एवढं घाण असतं का?

उत्तर: नीट केलं तर दहा मिनिटांचं काम आहे, नीट नाही केलं तर मात्र पुढची दोन वर्षं पाहुण्यांना सांगायला किस्सा होतो.

फुल हुकअप म्हणजे साईटवरच सीवरचा (सांडपाण्याचा) पाईप, आणि नसेल तर निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जायचं. कोअरच्या आणि स्टेट पार्कच्या बऱ्याच साईटना वीज-पाणी मिळतं पण सीवर नसतो, बुकिंग करताना हे बघा. दोन टाक्या असतात, ब्लॅक म्हणजे संडासाची, ग्रे म्हणजे बेसिन-आंघोळीची. हातमोजे घालायचे, पाईप जोडायचा, तो पक्का बसलाय का दोनदा बघायचं, मग आधी ब्लॅक सोडायची, ती रिकामी झाली की ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. फुल हुकअप मिळालं म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह दिवसभर उघडा ठेवू नका, हे नवीन लोक हमखास करतात. पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाशी साचून वाळतं, मग ते निघता निघत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम सोडायची. फ्लश करताना पाण्याची कंजुषी नको. पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज आणि डंप स्टेशनवर धुवायचा होज यांची गाठ कधी पडता कामा नये, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

रविवारी सकाळी अकराला डंप स्टेशनवर लांब रांग लागते, नाश्ता करायच्या आधीच जाऊन या. आणि कोण करणार याचं उत्तर, ज्याने आरव्हीची आयडिया काढली त्याने.

प्रश्न: घरामागचं झाड पाडलं, त्याचे ओंडके कापून ठेवलेत. कॅम्पफायरला नेले तर चालतील ना, उगाच विकत कशाला?

उत्तर: नका नेऊ. लाकडाच्या सालीखाली किडे असतात ते दिसत नाहीत. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ सापडला, तेव्हापासून त्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं संपवलीत, आणि त्याला गावोगाव पोचवण्यात जळाऊ लाकडाचा मोठा हात होता. बऱ्याच राज्यांत बाहेरून लाकूड आणायला बंदीच आहे. कॅम्पग्राउंडच्या दारातच लाकूड विकतात, ते घ्या, तिथलंच जाळा, उरलेलं शेजाऱ्याला द्या. निघायच्या आधी बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) आहे का तेही बघा, असेल तर लाकडाचा प्रश्नच मिटला.

प्रश्न: पाऊस आला तर कोळशाची छोटी ग्रिल ऑनिंगखाली किंवा आरव्हीत दार उघडं ठेवून लावता येईल का? कणसं भाजायची आहेत.

उत्तर: आत अजिबात नाही, दार उघडं ठेवूनही नाही, विझत आलेले निखारेसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. तंबूतही तेच. ऑनिंगखाली लावली तर ते कापड पेटतं, शिवाय धूर खिडकीतून आत येतो. गाडी ताब्यात घेताना आतला डिटेक्टर बटण दाबून वाजवून बघा, वाजला नाही तर बदलून दिल्याशिवाय गाडी हलवू नका. कणसं आतल्या गॅसच्या शेगडीवर भाजा, वरचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवून, आणि काम झालं की लगेच बंद करा, गरम होतंय म्हणून तशीच चालू ठेवायची नाही.